आहेरातले कुकर परत मागवलेत, तुमच्या घरी आलाय का बघा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड)

शहापूरकरीण

मंडळी, थेट कामाचं सांगते. गेल्या लग्नसराईत आमच्या भिशीतल्या बायकांनी एका ऑनलाइन साइटवर सवलत बघून पाच लिटरचे ॲल्युमिनियमचे कुकर एकदम मागवले होते. घरात ठेवायला नव्हे, आहेराला. बहुतेक सगळे त्याच मे महिन्यात वाटले गेले.

आता त्या साइटकडून संदेश आलाय: या कुकरवर आयएसआय चिन्ह नाही, वापर ताबडतोब थांबवा, वस्तू परत करा, पूर्ण पैसे परत मिळतील. असले मेसेज हल्ली फसवणुकीचेही असतात, म्हणून त्यातली लिंक उघडली नाही. साइटवर जाऊन जुनी ऑर्डर काढून बघितली, तिथेही हेच लिहिलंय. म्हणजे खरं आहे.

अडचण पुढेच आहे. संदेश आला मला, कारण ऑर्डर माझ्या नावावर होती. कुकर कुणाच्या शेगडीवर आहे ते त्या साइटला ठाऊक नाही, आणि ज्यांच्या शेगडीवर आहे त्यांना या संदेशाचा पत्ता नाही. त्यातून आपल्याकडे आहेराची वस्तू एका घरात थोडीच राहते? लग्नघरात तीन-चार कुकर जमले की एक नवीन जोडप्याला, एक जावेला, एक खानापूरकडच्या शेतातल्या घरी. एखादा कागदही न काढता माळ्यावर जातो आणि पुढच्या लग्नात पुन्हा आहेर म्हणून बाहेर पडतो. आमच्या कुकरांतले काही चंदगड तालुक्यात गेलेत, निपाणीकडे गेलेत, एक बहुतेक गोव्याला साखळीला गेलाय.

कुकर असा आहे: झाकण बाहेरून बसणारं, दांडा काळा, झाकणावर शिट्टीशेजारी सेफ्टी व्हॉल्व्ह. तळाला ठशात फक्त '५ लि.' एवढंच. कंपनीचं नाव फक्त खोक्यावर होतं, आणि खोकं कोण ठेवतं! तुमच्याकडे असा कुकर आहेरातून आला असेल तर तो आज चढवू नका आणि इथे कळवा.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात लग्न झालंय त्यांनी आहेराची वही काढा. कुणी काय दिलं ते त्यात लिहिलेलं असतंच. 'कुकर' दिसेल तिथे त्या माणसाला एक फोन करून विचारा, ऑनलाइन घेतला होता की दुकानातून. कंपनीकडे नाही तेवढी माहिती त्या वहीत आहे.

जांबोटी

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली. आमच्या गावच्या ग्रुपवर टाकू का?

शहापूरकरीण

टाका की. पण नुसतं 'कुकर फुटतात, सावधान' असं नको. कुठला कुकर आणि काय करायचं, हेही जाऊ दे. नाहीतर लोक घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

खडेबाजार

आमचं भांड्यांचं दुकान आहे, तिसरी पिढी. ताई, बरं केलंत लिहिलंत. थोडं सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाईक कुकर घेताना झाकण उघडून चकाकी बघतं, जे बघायचं ते बघत नाही.

आयएसआयचा ठसा कुकरच्या अंगावर पाहिजे, खोक्यावरच्या स्टिकरवर नव्हे. चिन्हाच्या वर 'आयएस २३४७' असतं, हे घरगुती प्रेशर कुकरचं मानक. चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' आणि पुढे परवान्याचा नंबर. तो नंबर फोनवरच्या 'बीआयएस केअर' या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव, परवाना कुठल्या वस्तूचा आहे आणि चालू आहे की नाही, सगळं येतं. नंबर टाकल्यावर भलत्याच कारखान्याचं किंवा भलत्याच वस्तूचं नाव आलं तर ठसा खोटा. चिन्ह असून खाली नंबरच नसला तरी खोटाच समजा.

आता चिन्हाला एवढं महत्त्व का ते. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब जास्त असतो, म्हणून आत पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे रोजच्या भातालासुद्धा झाकणाला आतून तीनशे किलोच्या वर जोर लागतो. शंभर किलोची तीन भाताची पोती त्या झाकणावर उलटी रचलीत असं समजा. हा जोर पत्र्याची जाडी, झाकणाची कड आणि दांड्याचे रिव्हेट पेलतात. मानकाप्रमाणे तपासणी म्हणजे हे सगळं नेहमीच्या दाबाच्या कितीतरी वर नेऊन बघणं. ज्याने तपासलंच नाही त्याचा पत्रा किती पेलेल हे त्या कारखानदारालाही सांगता यायचं नाही.

शिट्टी ही पहिली वाट. ती तुंबली तर दुसरी वाट सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. पाणी आटलं किंवा शिट्टीची नळी तुंबली आणि तापमान चढलं की तो ठिपका वितळतो आणि वाफ तिथून निघते. बऱ्याच कुकरांत तिसरीही वाट असते: झाकणाच्या कडेला एक खाच, दाब अति झाला की गॅस्केट तिथून बाहेर ढकललं जातं. या तिन्ही वाटा बंद झाल्या की मग झाकण उडतं.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या झाकणांत काय काय दिसतं सांगू? व्हॉल्व्ह गेला म्हणून कुणीतरी त्याच भोकात नट-बोल्ट आवळून दिलेला. वर वॉशर, खाली वॉशर, कडेने एम-सील. 'आता गळत नाही बघा' म्हणून गिऱ्हाईक खूश. बाजारात व्हॉल्व्ह काही फार महाग नसतो. आपल्या मेकचाच घ्या, दुसऱ्या मेकचा आटे बसले तरी घेऊ नका, त्याचा ठिपका कधी वितळेल ते सांगता येत नाही. गॅस्केटचंही तेच.

मसूरभात

खडेबाजारशेट, माहिती छान. पण मला एक सांगा, आमच्या आईचा कुकर तीसेक वर्षं चाललाय. त्यावर कुठलं चिन्ह आम्ही कधी बघितलं नाही. कधी काही झालं नाही. मग आताच एवढा बाऊ का? दुकानदारांना नवीन माल खपवायचाय असं वाटतं कधी कधी.

खडेबाजार

तुमचा प्रश्न रास्त आहे. आईंचा कुकर एकदा उलटा करून बघा, बऱ्याच कंपन्या सक्ती नव्हती तेव्हापासून चिन्ह घेत होत्या. घासून घासून ठसा पुसट झालेला असेल. आणि चांगल्या कंपनीचा जुना कुकर वेगळा, नाव नसलेला पातळ पत्र्याचा नवीन कुकर वेगळा. तरी तीस वर्षांचा असेल तर दांड्याचे रिव्हेट हलतात का, तळ फुगलाय का, झाकणाची कड वाकलीय का हे बघा. फुगलेल्या तळाचा कुकर मी स्वतः दुरुस्त करून देत नाही. गिऱ्हाईक रागावून जातं, जाऊ दे.

कायदेकानू

वकिलीतला आहे, म्हणून कायद्याचा भाग सांगतो.

घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. केंद्राचा २०२० सालचा गुणवत्ता नियंत्रण आदेश आहे तो. त्यानंतर चिन्हाशिवाय कुकर बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, सगळंच बेकायदा.

त्यावर कारवाई केली ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने. हे प्राधिकरण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये स्थापन झालं. कायद्याच्या कलम २० प्रमाणे धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आणि घेणाऱ्यांना पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. मार्च २०२२ मध्ये पेटीएम मॉलला ३९ आणि स्नॅपडीलला ७३ कुकर परत घ्यायला सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला २२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८. प्रत्येकी एक लाखाचा दंड. आदेशात असं होतं की सगळ्या खरेदीदारांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि ४५ दिवसांत अहवाल सादर करा.

शहापूरकरीण यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. आदेशात शब्द आहे तो खरेदीदार. आपल्याकडे कुकर, मिक्सर, शेगडी या वस्तू खरेदी करणारा एक आणि वापरणारा दुसरा, हेच जास्त. कायद्याने जे कळवायचं ते कळवलं जातं आणि कुकर मात्र शिट्ट्या देत राहतो.

निपाणीकर

नमस्कार. आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे ओ. आम्ही निपाणीचे, पण खरेदी सगळी कोल्हापूरला. तिथल्या एका दुकानातून कुकर घेतला, वहिनींच्या हातात झाकण सटकलं. देवाच्या कृपेने भाजलं थोडक्यात. बघितलं तर चिन्ह नाही, कंपनीचं नाव नाही, काही नाही. दुकानदार म्हणतो, 'कंपनीला विचारा.' कुठल्या कंपनीला? आणि इथे कोण म्हणतं दुकान महाराष्ट्रातलं, केस कोल्हापूरलाच करावी लागेल. दर तारखेला कोण जाणार? दोन राज्यांच्या मध्ये आपण नेहमीचेच अडकलेले.

कायदेकानू

@निपाणीकर, या बाबतीत अडकलेला नाहीत. जुन्या १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्ष जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे जावं लागायचं. २०१९ च्या कायद्यात कलम ३४ मध्ये भर पडली: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. तुम्ही निपाणीत राहता, म्हणजे बेळगाव जिल्हा. दुकान कोल्हापूरचं असलं तरी दुकानदाराने इकडे यायचं. चंदगडचा माणूस बेळगावच्या बाजारात घेत असेल तर तो कोल्हापूरच्या आयोगात जाऊ शकतो. सीमेवरच्या माणसाला हा बदल फार उपयोगाचा आहे, पण आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही.

दुसरं, 'कंपनीला विचारा' हे उत्तर चालत नाही. उत्पादक कोण हेच कळत नसेल तर कलम ८६ प्रमाणे विकणाऱ्यावर जबाबदारी येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. पण बिल, कुकरचे आणि भाजल्याचे फोटो, दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवा, आणि तो कुकर टाकून देऊ नका. पुरावा तोच आहे.

आयोगात जायच्या आधी १९१५ वर फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

निपाणीकर

हे काही माहीतच नव्हतं ओ. बिल आहे, पण साध्या कच्च्या कागदावर, जीएसटी नंबर नाही.

कायदेकानू

आहे ते ठेवा. फोनवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंदही काढून ठेवा, दुकानाचं नाव आणि तारीख त्यात येते. पुढच्या वेळी मात्र पक्कं बिल मागा.

टिळकवाडी सिस्टर

मी दवाखान्यात नर्स आहे. भाजलेल्या बायका येतात तेव्हा त्यांच्यावर आधीच काय काय लावलेलं असतं ते बघून जीव कळवळतो. टूथपेस्ट, शाई, हळद, कुणी बटाट्याचा कीस. कृपा करून यातलं काहीही लावू नका. आत काय झालंय ते डॉक्टरांना दिसत नाही, ते खरवडून काढावं लागतं आणि त्यात जास्त दुखतं.

वाफेने किंवा डाळीने भाजलं की नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको. डाळ अंगाला चिकटते आणि चिकटलेली असते तोवर भाजत राहते, म्हणून पाण्याने ती आधी वाहून जाऊ दे. आणि लगेच, अगदी त्याच मिनिटाला, बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढा. हात सुजला की त्या निघत नाहीत. नवीन लग्न झालेल्या मुली चुडा काढायला तयार होत नाहीत, सासूबाईंना विचारायचं म्हणतात. विचारत बसू नका, काढा. हिरवा चुडा पुन्हा भरता येतो.

फोड फोडू नका. कापूस लावू नका, तंतू चिकटतात. स्वच्छ सुती कापड सैल टाका आणि दवाखान्यात या. तोंड, डोळे, हाताचा पंजा किंवा लहान मूल असेल तर वाट बघायचीच नाही.

मसूरभात

सिस्टर, बांगड्यांचं माहीत नव्हतं. आईला आत्ताच वाचून दाखवलं.

वीजखात्यातला (निवृत्त)

विषय जवळचा आहे म्हणून लिहितो. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने अमेरिकेहून येताना निंजा फूडी नावाचा विजेचा मोठा कुकर आणला. इकडे तो चालवायला माझ्याकडे सल्ला मागायला आले. मी मॉडेल बघून घरी शोधलं, तर त्या ओपी३०० मालिकेचे सुमारे १८ लाख कुकर अमेरिकेत मे २०२५ मध्ये परत मागवलेत. आत दाब असतानाच झाकण उघडू शकतं, हा दोष. भाजल्याच्या १०६ तक्रारी होत्या, त्यातल्या पन्नासहून जास्त गंभीर. तिकडच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलं की दाबावर शिजवायचं बंद करा, बाकीची कामं चालतील, आणि कंपनीकडून नवीन झाकण फुकट मागवा.

आता झाकण मिळणार तिकडच्या माणसाला. तो कुकर इथे टिळकवाडीत. मुलीला फोन करून तिच्या पत्त्यावर झाकण मागवायला सांगितलंय, कुणी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत दाबाचं बटण दाबायचं नाही असं मी त्याच्यावर चिकटपट्टी मारून लिहून आलोय.

आणि विजेचं सांगायलाच पाहिजे. अमेरिकेतली वस्तू १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. नुसती पिन बदलणारं अडॅप्टर लावून जोडली तर जळणार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हा कुकर हजार वॅटच्या वर खेचतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर दोन हजाराचा तरी पाहिजे. मोबाइल चार्जरसाठी मिळतो तो डबा याला चालत नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेलं प्रत्येक यंत्र त्या देशाच्या परतीच्या यादीत आहे का ते एकदा बघा. संदेश त्यांच्या तिकडच्या ईमेलवर येतो आणि तिथेच पडून राहतो. ताईंच्या आहेराचीच गोष्ट आहे ही, फक्त लांबची.

चंदगडी

शहापूरकरीण अक्का, एक सापडला.

तुमचा धागा माझ्या मेहुण्याने पाठवला. घरी बघितलं तर काळा दांडा, बाहेरचं झाकण, तळाला '५ लि.' आणि दुसरं काही नाही. भावाच्या लग्नात आलेला. आजी त्याच्यातच रोज पावटं शिजवूलालीय. उलटा करून उजेडात नळीतून बघितलं तर आरपार दिसेना. पावट्याचं साल आत चिकटून वाळलेलं, पिन घालून काढलं तर चांगलं नखाएवढं निघालं. अंगावर काटाच आला.

आजीला सांगितलं तर ती ऐकेना. 'चांगला कुकर हाय, पोरांनी दिलेला, परत कशाला द्यायचा? देणाऱ्याला काय वाटंल?' हीच खरी अडचण आहे बघा. आहेर परत करणं म्हणजे माणसाला परत पाठवल्यासारखं वाटतं तिला. शेवटी तुमचाच मजकूर वाचून दाखवला, देणारीच मागतीय म्हटल्यावर तयार झाली. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ज्यांनी दिलाय त्यांनी स्वतः फोन करावा. कंपनीचं पत्र आलं असतं तरी आजीने चुलीत घातलं असतं.

शहापूरकरीण

अगदी जिवात जीव आला. आजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, दुसरा चांगला कुकर मी स्वतः घेऊन येते, पावट्याची उसळ खायलाच येते. बदल्यात दुसरं काहीतरी पोचतं केलं तर कुणालाच अपमान वाटणार नाही. भिशीत तसंच ठरवलंय आम्ही: परत आलेल्या प्रत्येक कुकरच्या पैशात थोडी भर घालून खडे बाजारातून चिन्ह बघून नवीन घ्यायचा आणि त्या घरी पोचवायचा.

खडेबाजार

ताई, सगळ्यांचे एकदम घेणार असाल तर मी खरेदीच्या भावात देतो, नंबर ॲपमध्ये तपासून दाखवून. इथे दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात नको. निरोप पाठवा.

चंदगडीभाऊंनी नळीचं सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात घ्या. पावटा, अख्खा मसूर, मटकी यांची सालं फेसाबरोबर वर येतात आणि नळीत बसतात. कडधान्याला कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, भाताला दोन तृतीयांश. आणि शिट्टी लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून पलीकडचं दिसतं का ते रोज बघायचं. मी गिऱ्हाइकाला दुकानातच करून दाखवतो. नेहमीच्या वेळेला शिट्टी झाली नाही तर गॅस बंद करा आणि हात लावू नका. शिट्टी उचलून बघायची नाही, दांडा ओढायचा नाही. आपोआप गार होऊ दे.

जांबोटी

आमच्या गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. एका घरातून निरोप आला की असा कुकर होता, पण दांडा सैल झाला म्हणून भांडीवाल्याला मोडीत देऊन पातेलं घेतलं. आता तो भांडीवाला कुठल्या गावात असेल देव जाणे. पुसून, दांडा आवळून पुन्हा विकला असणार. यावर काय करता येईल?

खडेबाजार

मोडीत दिलेला कुकर पुन्हा बाजारात येतो हे खरं आहे. बुडाला डाग पडलेला असला तर भट्टीत जातो, पण चकाकता असेल तर आठवड्याच्या बाजारात टोपलीत दिसतो. म्हणून असला कुकर कुणालाही देऊ नका, मोडीतही नाही आणि घरकामाच्या मावशींनाही नाही. पैसे परत मिळणार असतील तर कंपनीलाच द्या. तो मार्ग बंद असेल तर आधी शिट्टीची नळी काढून घ्या, झाकणाची कड हातोडीने वाकवा आणि मग भंगारात टाका. वितळेल तेव्हा धातूच राहील.

तुमच्या बाजूच्या भांडीवाल्यांना मी ओळखतो, बरेच जण माल आमच्याकडूनच उचलतात. विचारून बघतो.

निपाणीकर

१९१५ ला फोन केला. मराठीतच बोलले. तक्रार नोंदवून नंबर दिला, दुकानदाराला पत्र जाईल म्हणाले. बघू काय होतंय. वहिनींचा हात बरा आहे. सिस्टर, तुमचं वाचून कळलं, आम्ही त्या वेळी हळद लावली होती.

टिळकवाडी सिस्टर

बरा आहे ना, मग झालं. नवीन कातडीला ऊन लागू देऊ नका, काळी पडते. शेगडीपुढे बसताना पूर्ण बाह्यांचा सुती ब्लाउज घालायला सांगा.

मसूरभात

आईचा कुकर उलटा करून बघितला. ठसा आहे, नंबर पुसट आहे, एक आकडा लागत नाही. पण खडेबाजारशेट म्हणाले तसे दांड्याचे दोन्ही रिव्हेट हलतायत. शनिवारी बाजाराला येतोय तेव्हा दाखवायला आणतो.

एक सुचवू का? आता पुढच्या लग्नांत कुणी कुकर देणार असेल तर आहेराच्या पाकिटात बिलाची झेरॉक्सही घालावी. किंमत दिसते म्हणून आपण लाजतो, तर किमतीवर पट्टी चिकटवावी. पण दुकान, तारीख आणि कुकरचा नंबर त्या घरात राहायला पाहिजे.

कायदेकानू

+१. आणि आहेराच्या वहीत 'कुकर' लिहिताना कंपनीचं नाव शेजारी लिहायला दोन सेकंद लागत नाहीत. पैसे परत मिळताना ते खरेदीदाराच्याच खात्यात जातात, म्हणून देणाऱ्याचा फोन नंबरही असू दे.

शहापूरकरीण

आजपर्यंतची स्थिती कळवते. चंदगडचा मिळाला. वडगावातले आणि अनगोळचे भिशीतल्या बायका स्वतः जाऊन घेऊन आल्या. साखळीचा त्यांनी वापरलाच नव्हता, खोक्यासकट आहे, पाहुणे गणपतीला इकडे येताना आणतील. साइटवाले शहापुरातून उचलून नेतात, खेड्यांतून नेत नाहीत, म्हणून सगळे माझ्याकडे गोळा करून एकदम देणार आहे. प्रत्येकाचा झाकणासकट फोटो आणि उचलून नेणाऱ्याची पावती जपून ठेवतेय, कायदेकानूंनी सांगितल्याप्रमाणे.

अजून पत्ता लागत नाही तो निपाणी-चिकोडी बाजूचा. कार्यालयातलं लग्न होतं, मुलाकडचे सदलग्याचे, मुलीकडचे गडहिंग्लजचे. आम्ही मुलीकडून होतो, पण आहेर कुठल्या टेबलावर दिला ते आठवत नाही, म्हणजे कुकर या दोन्हीपैकी कुठल्याही गावाला असेल. मुलीकडच्यांना फोन झालाय, त्यांच्या वहीत नाही. सदलग्याकडचं कुणी हे वाचत असेल तर मला निरोप करा, लग्नघराचं नाव इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला कळवते. त्यांच्याकडची वही बघायची आहे.

निपाणीकर

सदलग्याला माझी मावसबहीण दिलीय. आज रात्रीच फोन लावतो. नाव निरोपात पाठवा.